बोर्डाच्या विषयपत्रिकेची ऑनलाइन प्रणाली: तीन वर्षांच्या वापरानंतर

कॅलिफोर्नियातील एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, मी सुपरिंटेंडंटची (संस्थेच्या मुख्य प्रशासकाची) कार्यकारी सचिव म्हणून काम करते. भेटीच्या वेळा, पत्रव्यवहार आणि फोन ही कामे कोणत्याही सचिवाच्या वाट्याला येतातच. या पदाचा खरा भार मात्र बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या नियामक मंडळाच्या, बैठकीचा असतो. येथे बहुतेक ठिकाणी सुपरिंटेंडंट हेच बोर्डाचे सचिव असतात, त्यामुळे विषयपत्रिका, तिची सहपत्रे आणि इतिवृत्त हे सारे फिरून फिरून माझ्याच टेबलावर येते. तीन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने या कामासाठी वार्षिक वर्गणीची एक ऑनलाइन प्रणाली घेतली. करार कार्यालयाचा आहे आणि मत माझे आहे, म्हणून कंपनीचे नाव येथे लिहीत नाही.

या प्रणालीचे मोल कळण्यासाठी आधी आमचे घड्याळ कळायला हवे. सार्वजनिक संस्थांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवणाऱ्या, 1953 साली संमत झालेल्या कॅलिफोर्नियाच्या ब्राऊन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान 72 तास आधी आणि विशेष बैठकीची किमान 24 तास आधी लोकांसाठी लावावी लागते, आणि मोजके अपवाद सोडले तर पत्रिकेत नसलेल्या विषयावर बोर्डाला निर्णय घेता येत नाही. बैठक मंगळवारी संध्याकाळी 6 वाजता असेल, तर मुदत शनिवारी संध्याकाळी 6 वाजता संपते. शनिवारी कार्यालय बंद, म्हणजे खरी मुदत शुक्रवारची दुपार. पूर्वी त्या दुपारी पाच सदस्यांसाठी पाच जाड फायली तयार होत, आणि त्या बांधून झाल्यावरच कुठल्यातरी विभागाला एखादे पान बदलायची आठवण होई. मग पाचही फायली सोडा, पान बदला, पुढचे सगळे पृष्ठक्रमांक हाताने दुरुस्त करा.

प्रणालीने हे दुखणे घालवले, आणि तिच्या बाजूने बोलायचे तर एवढ्या एका कारणासाठीही मी तिची शिफारस करीन. प्रत्येक विभाग आपला विषय आणि सहपत्रे स्वतः चढवतो, तो विषय विभागप्रमुखाकडून वित्त विभागाकडे आणि तेथून सुपरिंटेंडंट मॅडमकडे मंजुरीसाठी सरकतो, आणि कोणता विषय कोणाकडे किती दिवस पडून आहे हे मला एका पडद्यावर दिसते. पाठपुराव्याचे फोन निम्म्याने तरी कमी झाले. जे फोन करावे लागतात त्यांतही आता वाद होत नाही, कारण तारीख समोरच्यालाही दिसत असते.

प्रसिद्धीची बाजूही चोख आहे. 1 जानेवारी 2019 पासूनच्या बैठकांसाठी कायद्याने असे बंधन घातले आहे की, विषयपत्रिकेचा थेट दुवा संस्थेच्या मुखपृष्ठावर ठळकपणे असावा, तो एखाद्या उपयादीच्या पोटात दडलेला नसावा, आणि पत्रिका शोधता येईल व उतरवून घेता येईल अशा स्वरूपात असावी. स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा तेथे चालत नाही. आमची प्रणाली ताजी पत्रिका आपोआप सर्वांत वर ठेवते आणि प्रसिद्धीची वेळ मिनिटासह नोंदवते. मात्र इमारतीबाहेरच्या काचेच्या पेटीत कागद लावायचे काम तिला करता येत नाही, ही गोष्ट विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात कोणी सांगत नाही. ती पेटी उघडण्याची किल्ली अजून माझ्या खणात आहे; कागद लावला की मी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवते, म्हणजे त्याचीही वेळ राहते. विषयाचे वर्णन साधारणपणे 20 शब्दांपेक्षा मोठे असण्याची गरज नाही, असे हाच कायदा म्हणतो. प्रणालीत शब्द मोजण्याची सोय नसल्यामुळे ते मी बोटांवर मोजते.

आता ज्या दोषामुळे माझी एक रात्र झोपेविना गेली, त्याविषयी. या प्रणालीत नवे सहपत्र चढवले की ते मूळ स्थितीत ‘सार्वजनिक’ असते. गोपनीय करायचे तर एक छोटी चौकट आठवणीने निवडावी लागते. पहिल्याच वर्षी क्लोज्ड सेशनमधील (बैठकीच्या लोकांसाठी बंद असलेल्या भागातील) एका कर्मचाऱ्यासंबंधीचे टिपण ती चौकट न निवडता चढवले गेले. प्रसिद्धीचे बटण दाबण्यापूर्वी मी लॉग-इन न करता दुसऱ्या ब्राउझरमध्ये पूर्वदृश्य उघडले, आणि ते टिपण नावासकट समोर दिसले. बटण दाबलेले नव्हते म्हणून निभावले. कंपनीला कळवल्यावर उत्तर नम्र आले, पण मूळ स्थिती आजही तीच आहे. क्लोज्ड सेशनच्या शीर्षकाखाली येणारे प्रत्येक कागदपत्र आपोआप झाकले जावे, ही मागणी मला तरी अवाजवी वाटत नाही. अशी प्रणाली पाहायला बसाल तेव्हा विक्रेत्याला सर्वप्रथम हेच करून दाखवायला सांगा.

प्रत्यक्ष बैठकीत तिचा उपयोग मिश्र आहे. कोणत्या सदस्याने काय मत दिले हे कायद्यानुसार जाहीर करावे लागते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एका टिचकीत मत नोंदवण्याची सोय उत्तम आहे. पण एकत्रित मंजुरीच्या ‘कन्सेंट’ यादीतून एखाद्या सदस्याने एक विषय स्वतंत्र चर्चेसाठी बाहेर काढला, की प्रणाली खालच्या सर्व विषयांना नवे क्रमांक देते. परिणामी प्रेक्षकांच्या हातातल्या कागदावर जो विषय क्रमांक 9 असतो, तो पडद्यावर 8 होतो, आणि अध्यक्ष नेमक्या कोणत्या विषयावर मत मागत आहेत याचा गोंधळ उडतो. मी आता तो विषय हलवतच नाही. जागच्या जागी ठेवून त्याचे मत वेगळे नोंदवते.

इतिवृत्ताचा मसुदा ध्वनिमुद्रणावरून आपोआप तयार करून देणारी जोडसेवा वेगळे पैसे घेऊन मिळते, आणि ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. इतिवृत्तात मुख्यतः ठराव, सूचक, अनुमोदक, मते आणि निर्णय यावेत. ही सेवा मात्र खोकल्याव्यतिरिक्त सगळे काही लिहून ठेवते. एकदा नागरिकांच्या निवेदनात एका आईने आपल्या मुलाची अडचण सांगितली, तर मसुद्यात त्या मुलाचे नाव, इयत्ता आणि शाळा सगळे उतरले होते. पालकाने लेखी विनंती केली असेल तर अशी माहिती इतिवृत्तात घालण्यास येथे कायद्याने मनाई आहे. विनंती नसली तरी मी ती ठेवत नाही. एरवीही तो मसुदा छाटण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात माझ्या टिपणांवरून इतिवृत्त लिहून होते. (माझे आडनाव त्या सेवेला तीन वर्षांत एकदाही नीट ऐकू आलेले नाही, पण तो राग या परीक्षणात धरत नाही.)

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. संपूर्ण संचाची एकच पीडीएफ सलग पृष्ठक्रमांकांसह तयार होते, आणि आमच्या ज्या एका सदस्यांना अजून कागदच लागतो त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. फक्त अंदाजपत्रकाची आडवी पाने उभी होऊन बसतात आणि ती हाताने फिरवावी लागतात. मागच्या बैठकीची पत्रिका नमुना म्हणून वापरली तर जुनी तारीख एखाद्या कोपऱ्यात हमखास उरते. मदत-केंद्राचा फोन लवकर उचलला जातो, पण शुक्रवारी दुपारी 4 नंतर नाही, आणि आमचा व्यवसाय पाहता त्यांनी निवडलेली ही वेळ विनोदीच म्हणायला हवी.

इतिवृत्ताची जोडसेवा वगळून करार आणखी एका वर्षासाठी वाढवावा, असे टिपण मी मॅडमना दिले होते आणि त्यांनी ते मान्य केले. नूतनीकरणाचा विषय पुढच्या बैठकीच्या कन्सेंट यादीत आहे. त्याचे वर्णन मी त्याच प्रणालीत बसून 14 शब्दांत लिहिले आणि करारातील दरपत्रकापुढची ती छोटी चौकट दोनदा तपासली.