व्यसनमुक्ती केंद्रातले २८ दिवस आणि एक डिस्चार्ज समरी : अकरा महिन्यांनंतर

काल विम्याचे पैसे खात्यात जमा झाले. सगळे नाहीत, मागितले त्याच्या साठ टक्के. दारू सोडवण्यासाठी दादाला केंद्रात दाखल केलं त्याला आता अकरा महिने झालेत आणि त्यातले जवळजवळ नऊ महिने या पैशांच्या मागे गेलेत. तो बाहेर आला तेव्हाच लिहायला बसले होते, पण तेव्हा लिहिलं असतं तर अर्धं चुकलं असतं. ज्या गोष्टींना मी तेव्हा नावं ठेवत होते, त्यांतल्या दोन आज मला बरोबर वाटतात. आणि जो कागद तेव्हा घडी घालून पर्समध्ये टाकला होता, त्याच्यावरून आज सर्वांत जास्त संताप येतो.

निवासी उपचार, डिटॉक्स (दारू थांबवल्यानंतरचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढणं), समुपदेशन हे सगळं काय असतं ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ते तोंडपाठ असतं.

केंद्र शोधण्यापासून सुरुवात करते. रात्री दोन वाजता वहिनी दुसऱ्या खोलीत रडत होती आणि मी फोनवर शोधत होते. सगळ्यांत वर दिसलेला नंबर लावला. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो विम्याचा : कोणती पॉलिसी, किती रकमेची. दादा किती पितो, शेवटचं कधी प्यायला, आधी कधी फिट आली होती का, हे त्याने विचारलंच नाही. नंतर कळलं की तो नंबर कुठल्याच केंद्राचा नव्हता. पेशंट मिळवून द्यायचे आणि केंद्राकडून कमिशन घ्यायचं, असा तो धंदा होता. दुसऱ्या एका ठिकाणी ‘शंभर टक्के खात्री’ मिळाली. तिसऱ्याने तर पेशंटला न सांगता जेवणात मिसळायचे थेंब देऊ केले. त्या थेंबांत डायसल्फिराम असेल तर तो जिवाशी खेळ आहे. हे औषध पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि औषध थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला ते द्यायचं त्याला ते माहीत असायलाच हवं.

चौथ्या ठिकाणी मात्र फोन उचलणाऱ्या बाईंनी आधी दहा प्रश्न विचारले. किती वेळा, एका वेळी किती, सुरुवात केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का. ती जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली होती, हे मला पुढे समजलं. चाळीसपैकी वीस किंवा त्याहून जास्त गुण आले की अवलंबित्वाची नीट तपासणी करावी लागते. दादाचे एकतीस आले. त्या दहा प्रश्नांमुळेच मी ते केंद्र निवडलं, आणि ती निवड चुकली असं आजही म्हणणार नाही.

कारण पहिला आठवडा. दोन वर्षांपूर्वी आम्ही दादाला घरीच कोंडून दारू सोडवायचा प्रयत्न केला होता. तेव्हा काय होऊ शकलं असतं हे मला केंद्रात कळलं, आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. तिसऱ्या रात्री दादाला भिंतीवर किडे दिसायला लागले. रात्रपाळीच्या सिस्टरने ते बोलण्याच्या ढंगावरून ओळखलं आणि डॉक्टर काही मिनिटांत आले. औषधाचा डोस वाढवला, शिरेतून थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, चालूच होतं. सकाळी सिस्टरने मला स्वतःहून फोन केला : ‘ताई, रात्र कठीण गेली, पण आता झोपलेत.’ त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण त्या एका फोनसाठी मी त्या केंद्राचे सगळे दोष बाजूला ठेवायला तयार झाले होते.

म्हणून दाखल करण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : रात्री तीन वाजता तिथे कोण असतं? ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ एवढ्यावर थांबू नका. किती वेळात पोहोचतात, सिस्टर प्रशिक्षित आहे का, फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलमध्ये हलवतात, हेही विचारा.

आता पैशांचं. पॅकेज २८ दिवसांचं, ‘सर्वसमावेशक’, आणि पूर्ण रक्कम आधी. मी माझी मुदत ठेव मोडली. दादाच्या वैद्यकीय गरजेचे दिवस मोजले तर ते सहा निघाले. उरलेले बावीस दिवस सकाळी प्रार्थना, ग्रुप, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी ग्रुप. त्यांचा उपयोग नव्हता असं नाही. पण सिस्टर, डॉक्टर, सलाइन असलेल्या दिवसाचा दर आणि वीस जणांनी गोल करून बसायच्या दिवसाचा दर एकच का? हे मी दोनदा विचारलं. ‘पॅकेज असंच असतं’ हे उत्तर मिळालं. त्यावर रक्ताच्या तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी, मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी वेगळ्या. ‘सर्वसमावेशक’ या शब्दात नेमकं काय समाविष्ट आहे, ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

बंधनांबद्दल माझं मत बदललं. पहिले दहा दिवस फोन नाही, भेट नाही, यावरून मी ऑफिसात जाऊन भांडले होते. पुढे दादानेच सांगितलं, की पाचव्या दिवशी फोन हातात असता तर त्याने पहिला फोन मित्राला केला असता आणि दुसरा मला, ‘इथून काढ’ म्हणून. आणि मी काढलं असतं. दुसरी गोष्ट, कुटुंबाच्या सक्तीच्या बैठका. आम्ही काय केलं म्हणून आम्हाला बसवता, असं वहिनी म्हणाली होती. आज तीच अल-अॅनॉनच्या मीटिंगला जाते, दर आठवड्याला, न चुकता. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीची ती संघटना १९५१ पासून आहे, फी नाही, आणि वहिनीच्या चेहऱ्यात जो फरक पडलाय तो मला कुठल्याही पॅकेजमध्ये विकत घेता आला नसता.

तर आता त्या कागदाकडे येते.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्हाला डिस्चार्ज समरी मिळाली. एक पान. त्यावर दादाचं नाव, तारखा आणि चार ओळी : ‘मद्यपानाच्या सवयीसाठी दाखल. कार्यक्रम पूर्ण केला. प्रकृती समाधानकारक. नियमित फॉलोअप घ्यावा.’ खाली शिक्का आणि न वाचता येणारी सही. आम्ही आनंदात होतो, कोण वाचतंय! दादा गाडीत पुढच्या सीटवर बसला, खिडकी खाली केली, आणि बराच वेळ काही न बोलता बाहेर बघत राहिला.

तो कागद मी विमा कंपनीला पाठवला आणि क्लेम परत आला. व्यसनाचे उपचार अनेक पॉलिसींमध्ये वगळलेलेच असतात. दादाच्या नोकरीच्या गटविम्यात ते होते, ही आमची नशिबाची बाजू. पण कंपनीला निदान हवं होतं, आणि ‘सवय’ हे निदान नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, मद्य-अवलंबित्वाला एफ १०.२ हा क्रमांक आहे, विथड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू थांबवल्यावर होणाऱ्या त्रासात, भ्रम झाला असेल तर एफ १०.४. आयसीडी-११ वापरत असतील तर ६सी४० खाली येतं. यातला एकही क्रमांक कागदावर नव्हता. तिसऱ्या रात्रीचा उल्लेख नव्हता. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. बिलावर एकच ओळ होती, ‘निवास व कार्यक्रम शुल्क’. त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने माझा भाऊ चार आठवडे कुठेतरी राहायला गेला होता.

दुरुस्त समरीसाठी मी अकरा फोन केले, चार ईमेल पाठवले, दोनदा स्वतः गेले. पहिल्यांदा सांगितलं, आमचा फॉरमॅट हाच आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, ते डॉक्टर आता इथे नाहीत. मी काउंटरवर उभी राहून म्हटलं, ‘माझ्या भावाची केस पेपरमधली नोंद आहे ना, ती उतरवून द्या. मी तुमच्याकडून मेहेरबानी मागत नाहीये.’ शेवटी त्याच रात्रपाळीच्या सिस्टरने जुने कागद काढून दिले. तपशीलवार बिल मिळायला आणखी सात आठवडे लागले.

पण पैशापेक्षा मोठं नुकसान त्या कागदाने वेगळंच केलं. त्यावर औषधं नव्हती. कोणतं सुरू होतं, किती डोस, कधी बंद केलं, पुढे काय द्यायचं, काहीच नाही. ‘नियमित फॉलोअप घ्यावा’ : कुठे, कोणाकडे, किती दिवसांनी? बाहेर पडल्यावर बावन्नाव्या दिवशी दादा पुन्हा प्यायला. आम्ही केंद्राला फोन केला. उत्तर मिळालं, ‘घेऊन या, पुन्हा पूर्ण कोर्स करू.’ पूर्ण कोर्स, म्हणजे पुन्हा पूर्ण रक्कम. ती माझ्याकडे नव्हती. तेव्हा मला वाटलं, पैसे नाहीत म्हणून आपण भावाला सोडून देतोय. ते दोन आठवडे मी कसे काढले ते लिहीत नाही.

पैसे नव्हते म्हणूनच आम्ही साध्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो, आणि माझं सर्वांत मोठं मत तिथे बदललं. त्या डॉक्टरांनी समरी हातात घेतली, उलटून मागची बाजू पाहिली, ती कोरी होती, आणि विचारलं, ‘नाल्ट्रेक्सोन दिलं होतं का?’ आम्ही तो शब्द पहिल्यांदा ऐकत होतो. केंद्रातले समुपदेशक तर म्हणायचे, गोळी खाऊन सोडणं म्हणजे खरं सोडणं नव्हे. दारूपासून दूर राहायला मदत करणारं हे औषध अमेरिकेच्या औषध नियामकाने मद्य-अवलंबित्वासाठी १९९४ मध्ये मान्य केलेलं आहे आणि तसंच दुसरं, अकॅम्प्रोसेट, २००४ मध्ये. आम्ही एवढे पैसे भरले आणि अठ्ठावीस दिवसांत या दोन नावांचा उच्चारही कोणी केला नाही! डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या करून घेतल्या, अफूवर्गातली कुठलीही वेदनाशामक गोळी चालू नाही ना याची खात्री केली (चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन देता येत नाही), पाच दिवस वॉर्डात ठेवलं आणि मग गोळी सुरू केली. तलफ जात नाही, पण ‘आवाज कमी होतो’ असं दादा म्हणतो.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, जी केंद्राने पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं, साधारण दमा किंवा उच्च रक्तदाबात उपचार सोडून आजार परत उलटण्याइतकंच. अमेरिकेची राष्ट्रीय औषध-दुरुपयोग संशोधन संस्था म्हणते की ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा उपयोग मर्यादित राहतो, मग ते निवासी असोत की बाहेरून घेतलेले. मग २८ दिवसांनंतर रिकाम्या हाताने घरी का पाठवता? बावन्नाव्या दिवसाला आम्ही घरात अपयश म्हणत होतो. दादाही तेच म्हणत होता, म्हणून तर तो दोन आठवडे थांबू शकला नाही.

ज्यांचं माणूस हेरॉइन किंवा अफूवर्गातल्या गोळ्यांवर आहे त्यांच्यासाठी हा कागद याहून जास्त मोलाचा आहे. दादाच्या खोलीत तसा एक मुलगा होता, बावीस वर्षांचा. डिटॉक्सनंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखे दीर्घ उपचार आहेत, घरात नॅलोक्सोन, म्हणजे जास्त डोसचा परिणाम उलटवणारं औषध, ठेवायचं असतं. त्या मुलालाही तीच चार ओळींची समरी मिळाली होती, फक्त नाव आणि ‘मद्यपानाच्या’ हा शब्द बदललेला. तो आता कुठे आहे मला माहीत नाही. त्याची आई डिस्चार्जच्या दिवशी माझ्याशेजारी बसून तो कागद पिशवीत जपून ठेवत होती.

हिशेब सांगते, कारण तो मी पै-पै लिहून ठेवलाय. ओपीडीच्या भेटी, गोळ्या, तपासण्या, वॉर्डातले पाच दिवस, सगळं मिळून आजवरचा खर्च केंद्राच्या अठ्ठावीस दिवसांच्या नवव्या हिश्श्याइतका आहे. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला काहीच नाही. १९३५ पासून ती मंडळी फी घेत नाहीत, इच्छा असेल तर पिशवीत काहीतरी टाकायचं. दादा आठवड्यातून तीनदा जातो. तरीही केंद्राचा पहिला आठवडा मी पुन्हा विकत घेईन. सगळेच्या सगळे अठ्ठावीस दिवस नाही. ज्याचं घर सुरक्षित नाही, ज्याच्या घरात दुसरंही कोणी पितं, त्याला ते दिवस लागत असतील. आम्हाला डिटॉक्स आणि त्यानंतरचा माणूस हवा होता.

आता कोणी विचारलं तर मी म्हणते, पैसे भरण्याआधी त्यांच्या डिस्चार्ज समरीचा कोरा नमुना मागा. निदान आणि त्याचा क्रमांक, दिलेली औषधं व डोस, पुढची औषधं, पुढच्या भेटीची तारीख आणि डॉक्टरचं नाव, पुन्हा घसरल्यास काय करायचं, यांच्यासाठी त्यात जागा आहे का बघा. विमा असेल तर दाखल होण्यापूर्वी कंपनीची लेखी मंजुरी घ्या आणि बिल रोजच्या रोज तपशीलवार मागा.

दादाचा आज २३१ वा दिवस. पुढच्या मंगळवारी ओपीडी आहे. यकृताचा रिपोर्ट आलाय, फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय. उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी मी कंपनीकडे पुन्हा अर्ज केलाय आणि सोबत सिस्टरने दिलेलं तिसऱ्या रात्रीचं पान जोडलंय : पहाटे ३.१०, पेशंट घाबरलेला, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, डॉक्टरांना कळवले, जवळ बसले.