आहुप्याच्या देवराईलगत तीन दिवस : निसर्गशिक्षकांच्या तंबू-शिबिराविषयी

जानेवारीत आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे शाळांतील पर्यावरण विषयाचे शिक्षक, निसर्ग-मार्गदर्शक आणि गिर्यारोहणाचे प्रशिक्षक यांच्यासाठी दोन रात्री व तीन दिवसांचे शिबिर झाले. त्यात मी एका सहकारी शिक्षिकेसह सहभागी झाले होते. प्रत्येकी साडेतीन हजार रुपये शुल्कात मंचरपासून पुढचा प्रवास, तंबू आणि सर्व जेवण यांचा समावेश होता. शिबिर मला मनापासून आवडले, मात्र दोन गोष्टी खटकल्या आणि त्या सांगणेही आवश्यक आहे.

पर्यावरण हा विषय शिक्षणात टप्प्याटप्प्याने सक्तीचा करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले. आपल्याकडे अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहे. तो शिकवणारे बहुतेक जण माझ्यासारखेच भूगोल किंवा जीवशास्त्राकडून आलेले असतात आणि मुलांना वर्गाबाहेर नेऊन नेमके काय करायचे, याचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. परिणामी वर्षाअखेरीस प्रकल्पवह्या एकमेकांच्या पाहून लिहिल्या जातात. त्यामुळे या शिबिरातले किती मला पन्नास मुलांच्या वर्गात नेता येईल, या एकाच कसोटीवर मी ते पाहत होते.

त्या कसोटीवर पहिल्या दिवशीचे सुतळीचे सत्र सर्वांत सरस ठरले. चार मीटर सुतळी आणि चार काटक्या घेऊन प्रत्येक जोडीने देवराईच्या कडेला, पायवाटेलगत एक मीटरची चौकट आखायची आणि अर्धा तास त्या चौकटीबाहेर पाहायचे नाही, एवढीच सूचना होती. पहिली वीस मिनिटे मार्गदर्शकांनी एकाही किड्याचे वा झाडाचे नाव सांगितले नाही, आणि हे त्यांनी फार चांगले केले. आमच्या चौकटीत जांभळाची तीन पाने एकाखाली एक पडलेली होती. वरचे अजून चकचकीत होते, मधले कडेने कुरतडलेले होते आणि सर्वांत खालच्या पानाच्या केवळ शिरा उरल्या होत्या; लहानपणी वहीत ठेवलेल्या पिंपळपानाच्या जाळीसारखे ते दिसत होते. त्याच्याखाली ओलसर मातीत बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. कुजण्याची जी प्रक्रिया मी पंधरा वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवत आले, ती तिथे वितीएवढ्या जागेत क्रमाने मांडलेली होती. परतल्यावर आठवीच्या एका तुकडीला मी शाळेच्या कुंपणालगतच्या गुलमोहराखाली हेच करायला दिले. मुलांनी तासाची घंटा झाल्यावरही उठायला नकार दिला.

दुसऱ्या रात्रीची फेरीही तितकीच विचारपूर्वक आखलेली होती. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यांतील पेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही, म्हणून सर्वांच्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधण्यात आला. अर्धा तास गप्प बसल्यावर मृग नक्षत्रातील त्रिकांड बाण, त्याच्या रोखाने व्याध आणि वर कृत्तिकांचा पुंजका शहरात वाढलेल्या शिक्षकांनाही आपले आपण ओळखता आला. पहाटे शेकरू मात्र दिसले नाही, त्याची घरटी तेवढी दिसली. मार्गदर्शकांनी तसे सरळ सांगितले आणि एकच शेकरू एकाहून अधिक घरटी का बांधते, यावर चर्चा घडवून आणली.

गावातील एका आजींचा तास वेळापत्रकात केवळ चाळीस मिनिटांचा होता, तो दुप्पट हवा होता. येथील महादेव कोळी कुटुंबांसाठी हिरडा हा रोख पैशाचा मोठा आधार आहे. कोवळा बाळहिरडा केव्हा उतरवायचा, उन्हात कसा वाळवायचा आणि फांदी न मोडता तो कसा काढायचा, हे त्यांनी हाताने दाखवत सांगितले. देवराईतले वाळून पडलेले लाकूडसुद्धा आपल्याकडे चुलीला नेत नाहीत, हेही त्यांनी सांगितले.

त्याच, म्हणजे पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी आयोजकांनी शेकोटी पेटवली, आणि ध्वनिवर्धकावर गाणी लावली. लाकूड देवराईतले नव्हते, हे मान्य आहे. परंतु आजींचे बोलणे ऐकून तासही उलटला नव्हता आणि निसर्गाचे शिक्षक म्हणवणारे आम्ही पन्नासहून अधिक जण त्या आवाजात बसलो होतो, याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी काही जणांनी हे स्पष्टपणे सांगितले, तेव्हा आयोजकांनी ते समजून घेतले आणि दुसऱ्या रात्री ना शेकोटी झाली ना गाणी. दुसरी तक्रार शौचालयांची आहे. स्त्रियांसाठी दोनच आडोसे होते आणि पहाटे रांग लागत होती. शिक्षिकांची संख्या निम्म्याहून अधिक असताना ही व्यवस्था आधीच करायला हवी होती.

जेवण गावातील घरांतून येत असे : नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले, भात आणि ठेचा. ताटे ज्याची त्याने राखेने घासायची होती, त्यामुळे तीन दिवसांत एकही कागदी ताटली वापरली गेली नाही.

ज्यांना वर्गाबाहेर शिकवायला सुरुवात करायची आहे, त्यांनी या शिबिराला अवश्य जावे. अनेक वर्षे शिबिरे घेणाऱ्या प्रशिक्षकांना पहिला दिवस कदाचित प्राथमिक वाटेल. घाटमाथ्यावर जानेवारीत रात्री बोचरी थंडी असते आणि मिळणारी झोपण्याची पिशवी पातळ आहे, म्हणून घरून एक जाड चादर न्यावी. नाव नोंदवण्यापूर्वी गटात किती जण असणार आणि स्त्रियांसाठी शौचालये किती, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.