पाया लिहिला पाच फुटांचा, निघाला पावणेदोन फुटांचा

इंदूरला लोकमान्य नगरात आमचं सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. सासूबाईंना संध्याकाळी पुढे बसता यावं म्हणून २०२४ च्या मे महिन्यात दारासमोर १० बाय ८ चा छोटा पोर्च काढला. ठेकेदार गणेशोत्सवातल्या ओळखीचा, मराठी बोलणारा. आला, सासूबाईंच्या पाया पडला, म्हणाला, "काकू, तुम्ही निश्चिंत राहा." मी राहिले.

त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं होतं: पाया ५ फूट, मुरमापर्यंत (म्हणजे मातीखालच्या कठीण थरापर्यंत), भराई मुरमाची, डीपीसी (जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर घालतात तो काँक्रीटचा थर) २ इंची, वॉटरप्रूफिंग घालून. पाया भरला की ५० हजार द्यायचे. आम्ही भाचीच्या लग्नाला चार दिवस पुण्याला गेलो आणि नेमका त्याच चार दिवसांत त्याने पाया भरून टाकला. मोबाइलवर फोटो आला. खोल खड्डा, आत उभी धरलेली टेप, ५ चा आकडा स्पष्ट. मी मांडवातूनच पैसे पाठवले.

तो फोटो आज नीट पाहते तेव्हा खड्ड्याच्या कडा वरपासून खालपर्यंत तांबूस दिसतात. आमच्या अंगणात वरची चार फूट कुळकुळीत काळी माती आहे. तो खड्डा आमचा नव्हताच.

आपल्या माळव्याची ही माती गव्हा-सोयाबीनला सोनं, पण बांधकामाला वैरी. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया तिच्यातच ठेवला तर दरवर्षी वर-खाली होतो. म्हणून ती पूर्ण काढून खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. काही ठिकाणी मुरूम फारच खोल असतो. तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, बुडाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केली.

पहिल्याच पावसाळ्यात पोर्च आणि घराची भिंत यांच्यामध्ये फट पडली. दिवाळीच्या साफसफाईत पाहिलं, तर दहाचं नाणं तिच्यात उभं राहत होतं. फरश्या मधोमध वर उचलल्या गेल्या होत्या, टकटक केलं की पोकळ वाजायच्या. ठेकेदार म्हणाला, "काकू, यंदा पाऊसच जास्त झाला." नंतर त्याने फोन उचलणं सोडलं.

खरं दुखणं त्यानंतरचं. हॉलच्या भिंतीला आतून ओल आली. रंगाचे पापुद्रे सुटले, खाली पांढरा लोणा धरला. त्या भिंतीला चाळीस वर्षांत कधी ओल नव्हती, कारण सासऱ्यांनी जोत्यावर डीपीसी नीट घातली होती. पोर्चचा भराव त्या थराच्याही सहा इंच वर चढवला होता. मग ओल खालून कशाला येईल? भरावातून बाजूने सरळ विटांत शिरली. नव्या पोर्चची जमीन घराच्या डीपीसीच्या खालीच राहायला हवी. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर घराची भिंत तरी वाचली असती.

जानेवारीत दिरांचे मित्र आले, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खांबाशेजारी खणायला लावलं. पावणेदोन फुटांवर काँक्रीट संपलं, खाली काळी माती. मुरूम लागला सव्वाचार फुटांवर. भरावातही आमचीच खणलेली काळी माती परत लोटलेली. डीपीसीच्या जागी छिन्नी मारली तर अर्धा इंच नुसता सिमेंट-वाळूचा मसाला. बिलात मात्र वॉटरप्रूफिंगचे ५ लिटर! एवढ्याशा डीपीसीला सिमेंट लागतं जेमतेम एक गोणी, आणि बहुतेक द्रव मालाला गोणीमागे २०० मिली पुरतं, डब्यावरच लिहिलेलं असतं.

तुमच्याकडे काम निघालं तर पाया भरायच्या दिवशी स्वतः खड्ड्यात उतरा. पायाखाली मुरूम आहे का पाहा, आपली टेप लावा. फोटो हवाच असेल तर मागे घराचं दार दिसेल असा घ्या. कितीही घाईचं लग्न असो, खड्डा उघडा ठेवायला सांगा. तो दोन दिवस थांबतो. पोर्च जुन्या भिंतीत दाते काढून गुंतवू देऊ नका, मध्ये सांधा सुटा ठेवा. डीपीसीचं काँक्रीट कालवताना समोर उभं राहा. पायाचे पैसे हे सगळं पाहिल्यावरच द्या.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. घर बांधून देणं ही कायद्याने सेवा धरली जाते आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कोणी "बघू, करून देतो" म्हणत वेळ काढत असेल तर थांबू नका. ठेकेदाराच्या अक्षरातला तो कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि खणताना काढलेले फोटो, एवढंच आमच्या हातात आहे.

पोर्च पाडला. भिंतीलगतचा सगळा भराव उचलला. हॉलचं प्लास्टर कमरेपर्यंत खरवडून विटा उघड्या ठेवल्यात, पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा गिलावा करायचा नाही असं दिरांच्या त्या मित्रांनी बजावलंय. सासूबाई सध्या दारातच खुर्ची टाकून बसतात.