ब्रेकचं किर्रर्र आणि दोनशे रुपयांचं ग्रीस: आठ महिन्यांनंतर

मागच्या पोळ्याच्या आधी गाडीच्या पुढच्या चाकांच्या कॅलिपर पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं, त्याला आता आठ महिने झाले. (कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, तो या पिनांवर सरकतो.) तेवढ्यात गाडी साडेसहा हजार किलोमीटर चालली. निम्मी दारव्हा-यवतमाळच्या डांबरावर, बाकीची शेताच्या पांदणीत. आवाज परत आला नाही. पण ग्रीसपर्यंत पोचायच्या आधी मी जे उद्योग केले, ते सांगितल्याशिवाय या अनुभवाचा कुणाला उपयोग नाही.

गाडी जुनी, छोटी. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. आखाजीच्या सुमारास हळू वेगात ब्रेक दाबला की डावीकडून किर्रर्र सुरू झालं. वळणावर काकाजी ओट्यावरूनच विचारायचे, "काहून बे, टिटवी पाळली का गाडीत?" मिस्त्रीनं पॅड काढून पॉलिश पेपर मारला. चार दिवस शांतता. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, पॅड बदला. अकराशे रुपये गेले आणि पंधरा दिवसांत टिटवी हजर.

जुने पॅड मी कोठ्यात फेकले होते. ढेपेच्या पोत्यामागून ते शोधून काढले आणि उन्हात ओळीनं मांडले. एका जोडीचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेले. दुसऱ्या जोडीतल्या एकाचं अस्तर सहा मिलिमीटर, दुसऱ्याचं जेमतेम दोन. ही डाव्या चाकाची जोडी. हे पाहायला मिस्त्रीला वेळ नव्हता आणि मला अक्कल नव्हती.

माझ्या गाडीच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की सगळं काम आतल्या पॅडवर येतं, ब्रेक सोडला तरी तो नीट सुटत नाही, तापतो, वरून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि थरथरत किंचाळतो. खात्री करायला दहा किलोमीटर गाडी नेली, ब्रेक कमीत कमी वापरला आणि उतरून दोन्ही रिमांजवळ हात धरला (लावू नका, भाजेल). डावं चाक तव्यासारखं धगधगत होतं, उजवं कोमट.

मग चाक खोललं. पिनेच्या रबरी बुटाला (आवरणाला) चीर होती, आत काळी माती. आमची काळी कपाशीची माती ओली असताना लोण्यासारखी कुठेही शिरते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. पिना पुसल्या आणि घरात होतं ते, म्हणजे ट्रॅक्टरचं ग्रीस लावलं. हीच चूक. महिनाभर छान चाललं, मग पिना आणखी घट्ट. पेट्रोलियमच्या ग्रीसनं रबर फुगतं. पिनेच्या टोकाचा रबरी बुश इतका फुगला की पिन पान्यानं फिरवत काढावी लागली.

पोळ्याच्या आधी यवतमाळहून पिन-बुटांचा संच आणि सिलिकॉनचं ग्रीस आणलं, ट्यूब दोनशे रुपयांची. पिनांवर पातळ थर पुरतो. पॅडच्या मागच्या पत्र्यावर, जिथं तो कॅलिपरला टेकतो तिथं, किंचित. अस्तराला आणि डिस्कला ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

करणाऱ्यांनी माझ्या फजितीवरून शिकावं. मागच्या चाकांना दगड लावा आणि जॅकच्या भरवशावर हात घालू नका, खाली लोखंडी घोडी हवीच. सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. मी तारेनं स्प्रिंगला बांधला. पिस्टन मागे ढकलताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं. माझं सांडलं, आणि मडगार्डवर रुपयाएवढा रंग उडाला तो अजून तसाच आहे. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पायडल पंप करून घट्ट करा. पहिल्या खेपेला मी विसरलो, पायडल तळाला टेकलं आणि गाडी कडब्याच्या गंजीत जाऊन थांबली. गंज होती म्हणून बरं.

पोळ्यानंतरचा पाऊस आणि वेचणीच्या दिवसांतली धूळ या ग्रीसनं सहज काढली. आता पारा ४४-४५ वर आहे आणि गेल्या आठवड्यात तपासलं तर डावीकडच्या दोन पॅडच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. थंडीत दवाच्या सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर व्हायची. तो डिस्कवर रात्रीतून चढलेला तांबूस गंज, आपोआप पुसला जातो, त्यासाठी काही खोलायची गरज नाही. मात्र ब्रेक न दाबता सतत चीं ऐकू येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर पॅड संपत आल्याची खूण देणारी पत्र्याची जीभ डिस्कला लागते आहे. तिथं ग्रीस काही करणार नाही, पॅडच बदलावे लागतात. खरडल्यासारखा जाड आवाज आला तर गाडी उभी करा.

तक्रार एकच: ट्यूबचं झाकण कुचकामी. उन्हात अर्धं ग्रीस पान्यांच्या पेटीत पाझरलं. मागच्या ड्रमला मी हात लावला नाही, त्यातल्या स्प्रिंगा मला झेपत नाहीत, ते काम मिस्त्रीकडेच. उजवीकडच्या एका पिनेवर ओरखडा दिसतो आहे, ती मृगाच्या आधी बदलणार.