लॅक्स्टन: शेतांची न्यायसभा अजून भरते ते गाव

मध्ययुगीन इंग्लंडमधील कुळांचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गाव अवश्य पाहावे. तीन मोठ्या खुल्या शेतांतील (कुंपण नसलेल्या, शेतकऱ्यांमध्ये पट्ट्यांनी वाटलेल्या) पिकांची फेरपालट आणि जमीनदारी काळातील न्यायसभा येथे आजही चालू आहे. नोव्हेंबरअखेरीस या सभेचे पंच गव्हाच्या शेतात फिरून, कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा वाटेवर घुसला काय, हे तपासतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि पुढच्या आठवड्यात सभा दंड कायम करते. हे पट्टे गावाच्या १६३५च्या नकाशाशी ताडून पाहण्यात खरी गंमत आहे. मात्र कुळ वारल्यावर जमीनदार त्याचे उत्तम जनावर नेई किंवा मुलीच्या लग्नासाठी शुल्क घेई, हा जाच शेत पाहून उमगत नाही. त्यासाठी आधी वाचूनच जावे, आणि चिखलात चालणारे बूट घालावेत.