बटण की दहा गुण?

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताना मामाचा आणि माझा ठरलेला वाद: बॉक्सिंगमधल्या अटीतटीच्या लढतीचा निकाल कसा लावावा?

मामा बटणवाला, म्हणजे ठोसा लागला की पंचांनी बटण दाबून गुण द्यावा या मताचा. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे लागले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, तरी पाच पंचांच्या ३-२ अशा मतांनी पार्क विजयी! म्हणून १९९२ च्या ऑलिंपिकपासून संगणक आला. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. हिशेब चोख, पण पोटावर जवळून बसलेले ठोसे सुटायचे आणि खेळ नुसता टोचून पळण्याचा झाला. मला ते कधीच पटलं नाही.

आता प्रत्येक पंच फेरी जिंकणाऱ्याला १० गुण देतो, दुसऱ्याला बहुधा ९, आणि शेवटी आपल्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज करतो. ठोशांचा दर्जा, डावपेच, वर्चस्व सगळं पाहतात. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने दुसरी आणि तिसरी फेरी पंचांच्या ३-२ अशा मतांनी घेतली, तरी पहिली १-४ गेल्याने बेरजेत लढत हातची गेली. इथे मामाचा आवाज चढतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते अजून सलतं.

तरी मी दहा गुणांच्याच बाजूचा. फक्त फेरी कशासाठी दिली, हे पंचांनी दोन ओळींत लिहून द्यावं.