कोरीव की साच्यातली? जॅझसाठी आर्चटॉप निवडताना

आर्चटॉप, म्हणजे वरची फळी (टॉप) कमानदार असलेली गिटार, घ्यायच्या विचारानं हातात घेतलीत, तर वाजवण्याआधी ती उजेडात तिरकी धरून पाहा. टॉपची कमान मधून उतरत काठाकडे येते, काठाच्या थोडं अलीकडे किंचित खोल जाते आणि पुन्हा वर येऊन कडेला मिळते. त्या पन्हळीवरून उजेड ओघळताना दिसतो. मी कितीतरी वेळ नुसता तो बघत बसलो आहे. चांगल्या गिटारीत लाकूड तिथेच सगळ्यात पातळ असतं. तार छेडली की टॉप त्या रेघेवर बिजागरीसारखा हलतो, म्हणून ही पन्हळ किती खोल आणि किती रुंद ठेवायची यावर कारागिराचे दिवसच्या दिवस जातात.

हाताने घडवलेली आर्चटॉप घ्यायची म्हटलं की प्रश्नांची रांग लागते. रुंदी सतरा इंच की अठरा इंच, टॉपचं स्प्रूस (एक सूचिपर्णी लाकूड) कुठलं, पिकअप (तारांची थरथर पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारं चुंबकीय साधन) एक की दोन, जुनी की नवी. माझ्या मते यातला एकच प्रश्न आधी सोडवायचा असतो: टॉप जाड लाकडातून कोरलेला हवा, की पातळ पापुद्रे चिकटवून साच्यात दाबलेला? बाकीची बरीचशी उत्तरं त्यामागून येतात.

कोरीव टॉप

कोरीव टॉपची सुरुवात पाचरीच्या आकाराच्या स्प्रूसपासून होते. पुस्तक उघडावं तशी ती पाचर मधोमध चिरून उघडतात आणि जाड कडा एकमेकींना जोडतात. उतरत्या छपरासारखा ठोकळा तयार होतो. मग आधी बाहेरून, नंतर आतून तो कोरायचा. गोल पटाशीने मोठी सालपटं, बोटाएवढ्या पितळी रंध्याने बारीक, शेवटी पोलादी पात्याने खरवडून. मध्यभागी जाडी साधारण ६ मिलिमीटर उरते आणि काठाजवळ जवळपास निम्मी. ठोकळ्यातलं बहुतेक लाकूड भुश्यात जातं.

पण हे आकडे म्हणजे फक्त सुरुवात. एकाच झाडाच्या दोन पाचरीसुद्धा सारख्या ताठ नसतात. म्हणून कारागीर टॉप दोन बोटांत लोंबता धरतो, टिचकी मारतो, कान लावतो, दोन्ही अंगठ्यांनी वाकवून बघतो आणि मग ठरवतो, अजून अर्धा मिलिमीटर काढायचा की थांबायचं. जास्त काढलं तर परत लावता येत नाही. नंतर टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या. त्या कमानीला कुठेही फट न ठेवता बसायला हव्यात, म्हणून कमानीवर खडू घासायचा, पट्टी दाबायची, जिथे खडू उमटला तिथेच तासायचं आणि पुन्हा दाबायचं. पूर्ण पट्टीवर सारखा खडू उमटेपर्यंत हेच चालतं. गिटार मिटली की हे काम कुणाला दिसत नाही. मला मात्र सगळ्यात जास्त आदर याच कामाबद्दल वाटतो.

पट्ट्या दोन तऱ्हांनी लावतात. समांतर असल्या तर आवाज पटकन उठतो, टोकदार असतो, वाद्यवृंदातून आरपार जातो. फुलीसारख्या असल्या तर आवाज गोलसर होतो आणि थोडा जास्त रेंगाळतो. कॉर्ड आणि मेलडी एकट्याने वाजवणाऱ्यांना बहुधा फुली आवडते. लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली गिब्सनने १९२२ मध्ये काढलेल्या एल-५ ला समांतर पट्ट्याच होत्या. व्हायोलिनसारखी एफ-छिद्रं घेऊन आलेली हीच गिटार पुढच्या साऱ्या आर्चटॉपची आई म्हणायला हरकत नाही.

हा टॉप खरा कळतो तो ॲम्प्लिफायरशिवाय. फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसींच्या बँडमध्ये आले आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिथे चार-चारच्या लयीत कॉर्ड वाजवत राहिले, तेही ॲम्पशिवाय. पितळी वाद्यांच्या एवढ्या भिंतीमागे गिटार वेगळी ऐकू येण्यापेक्षा लयीत जाणवायची. त्यांच्या गिटारींपैकी एक बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग पितापुत्रांची मास्टर ४०० होती. रुंदी १९ इंच, आणि आत दोनऐवजी एकच तिरकी पट्टी. ॲम्पशिवाय पोचायचं असेल तर कारागीर काय काय करून बघतो, ते त्या एका पट्टीत दिसतं.

साच्यातला टॉप

दुसरी वाट गिब्सनच्या ईएस-१७५ ने १९४९ मध्ये रुळवली. मेपलचे पातळ पापुद्रे, रेषा एकमेकींना आडव्या, मध्ये सरस, आणि सगळं साच्यात दाबून कमान आणलेली. रुंदी सव्वासोळा इंच. ॲम्पशिवाय वाजवली तर आवाज कोता वाटतो. कोरीव गिटारीनंतर लगेच हातात घेतली तर वाद्याला सर्दी झाल्यासारखं वाटेल, आणि बरेच जण त्याच क्षणी ती खाली ठेवतात. ही घाई करू नका.

कारण या टॉपचा ताठपणा हाच त्याचा गुण आहे. कोरीव टॉप मोकळा असतो, म्हणून स्पीकरचा आवाजही तो झेलतो, थरथरतो, पिकअप ती थरथर पुन्हा ॲम्पकडे पाठवतं आणि घुंऽऽ करत फीडबॅक सुरू होतो. ड्रमर दणकून वाजवत असेल आणि ॲम्प पाठीशी असेल, तर हे फार लवकर होतं. लॅमिनेट, म्हणजे पापुद्र्यांचा साच्यातला टॉप, स्पीकरला एवढी दाद देत नाही. शिवाय स्वर पटकन उठून पटकन बसतो, त्यामुळे जलद ओळीतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. गिटारवादक जो पास यांच्या आवाजात हा कोरडा, नेमका ठसा आहे. जिम हॉलही वर्षानुवर्षं १७५ वाजवत. पुढे कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी हॉल यांच्या नावाचं मॉडेल काढलं, तेही लॅमिनेटचंच.

म्हणून लॅमिनेट म्हणजे हलकं काम, हा समज मनातून काढायला हवा. पापुद्रे किती, कुठल्या लाकडाचे, साचा कोणत्या वळणाचा, हे ठरवणारा माणूस जाणता असेल तर इथेही कारागिरी आहे. फरक एवढाच, की ती बरीचशी साचा करताना होऊन जाते. प्रत्येक टॉपशी नव्याने बोलावं लागत नाही. मला स्वतःला ते बोलणंच प्रिय आहे, म्हणून माझं मन कोरीवकडे झुकतं. रोज मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याला मात्र मी डोळे झाकून लॅमिनेट घ्यायला सांगेन.

पिकअप कुठे बसतं

इथे दोन्ही वाटांच्या मध्ये एक तिसरी निघते. १९५१ ची एल-५ सीईएस कोरीव टॉपची होती, पण टॉप कापून त्यात दोन पिकअप बसवलेली. वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवत तो जाड, उबदार आवाज अशाच गिटारीचा. कापलेला आणि वजन चढलेला टॉप तेवढा मोकळा राहत नाही. त्यामुळे ॲम्पशिवायचा आवाज थोडा दबतो, आणि फीडबॅकही थोडा आवरतो.

कोरीव टॉप जसाच्या तसा हवा असेल तर तरंगतं पिकअप घ्या. ते नेकच्या टोकाला किंवा पिकगार्डला टांगलेलं असतं, टॉपला शिवत नाही. १९६१ मध्ये गिब्सनने जॉनी स्मिथ यांच्या नावाने काढलेली गिटार याचं ठळक उदाहरण. महिनोन्‌महिने पातळ केलेल्या टॉपला दोन मोठी भोकं पाडायची माझी छाती होणार नाही. पण हा माझा हळवेपणा आहे, वेस यांचं वादन ऐकल्यावर तो कुणावर लादता येत नाही.

तारांचाही इथेच विचार करा. ब्राँझच्या तारा ॲम्पशिवाय छान खणखणतात, पण चुंबकीय पिकअपला ब्राँझचं वेष्टण जवळजवळ कळतच नाही आणि जाड तारा मागे पडतात. दोन्हीकडे वापरायची असेल तर निकेल बरी. लॅमिनेटवर सपाट वेष्टणाच्या फ्लॅटवाउंड तारा लावल्या की जुन्या जॅझचा तो गडद आवाज लगेच येतो.

कुणाच्या हातची

न्यूयॉर्कच्या केन्मेअर स्ट्रीटवरच्या दुकानात जॉन डी'अँजेलिको यांनी १९३२ पासून १९६४ मध्ये जाईपर्यंत १,१६४ गिटारी घडवल्या. वर्षाला सरासरी ३६. तेही एकट्याने नाही, हाताखाली माणसं होती. त्यातला एक जिमी डी'अक्विस्टो, ज्याने पुढे काम चालवलं. तेव्हा ‘हाताने घडवलेली’ याचा अर्थ ‘एकाच माणसाने सगळं केलं’ असा धरू नका, आणि यंत्राचं नाव ऐकून नाकही मुरडू नका. ठोकळ्याचा ढोबळ आकार यंत्राने काढला तरी चालतं. विचारायचा प्रश्न एकच: शेवटची जाडी कुणी ठरवली आणि कशावरून? ‘नकाशावरून’ असं उत्तर आलं तर ती चांगली गिटार असू शकते. ‘या लाकडावरून’ असं आलं, तर मी खुर्ची पुढे ओढतो.

या दोघा गुरुशिष्यांच्या गिटारी शेजारी ठेवल्या तर सजावटीचा प्रश्नही सुटतो. डी'अँजेलिकोंची न्यूयॉर्कर म्हणजे १८ इंचांचा थाट. पायऱ्यापायऱ्यांचं टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी), हेडवर शिंपल्यात जडवलेली गगनचुंबी इमारत. शिष्याने आधी तेच केलं आणि नंतर एकेक गोष्ट काढत नेली. शिंपला गेला, प्लास्टिकची किनार गेली, धातूच्या टेलपीसच्या जागी आबनुसाचं हलकं टेलपीस आलं, छिद्रांचे आकार बदलले. टेलपीसचं वजन आणि टेलपीसमुळे ब्रिजवर (तारा टॉपवर ज्यावर टेकतात तो आधार) पडणारा तारांचा कोन, दोन्ही आवाजात ऐकू येतात, म्हणून हा बदल फक्त नजरेपुरता नव्हता. न्यूयॉर्करवरून माझी नजर हटत नाही, पण रोज वाजवायला मी दुसरी उचलेन.

डी'अक्विस्टो यांनी एक गिटार निळी रंगवली होती. त्यावरून संग्राहक स्कॉट चिनेरी यांनी २२ कारागिरांना तशीच १८ इंची निळी आर्चटॉप करायला सांगितली. रंग एक, माप एक. तरी एक गिटार दुसरीसारखी नाही. शेजारी शेजारी ठेवून कारागिरी बघायची याहून चांगली रीत मला सुचत नाही.

लाकडाच्या जातीवर मी मुद्दाम थोडंच लिहितो. ॲडिराँडॅक स्प्रूस, युरोपियन मेपल वगैरे नावांत जीव अडकवू नका. कारागीर बॉब बेनेडेट्टो यांनी बांधकामाच्या गाठीदार पाइनची आर्चटॉप घडवून दाखवली आहे. मापाचंही तेच. १८ इंची गिटार १७ इंचीपेक्षा मोठ्याने वाजेलच असं नाही, तुमचं कोपर मात्र दुखू शकतं.

हातात आल्यावर

ब्रिज चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. त्याच्या पायाखाली कागदाचा कपटा सरकला तर बसवणी कच्ची आहे. उंचीचे स्क्रू दोन्ही बाजूंना फिरायला जागा आहे ना, ते बघा. ब्रिज पार तळाला टेकलेला असेल तर नेकचा कोन बिघडला आहे. पहिल्या दोन तारांवर वरपर्यंत एकेक स्वर वाजवा, कुठला स्वर मध्येच मरतो का ऐका. जुनी गिटार असेल तर बोटांच्या पेरांनी टॉपवर सगळीकडे हलकेच ठोका. सुटलेली पट्टी लगेच खुळखुळते. एफ-छिद्रांच्या टोकांना तडे गेलेत का आणि ब्रिजखाली कमान बसली आहे का, हेही पाहा. तडा चांगला दुरुस्त होतो. बसलेली कमान हा फार मोठा खर्च आहे. कोरीव टॉपला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी लागते, हे आधीच कबूल करून घ्या. लॅमिनेट इतके लाड मागत नाही. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज जागचा हलतो. माझा असाच हलला होता, आणि सूर पुन्हा जुळवायला अख्खी संध्याकाळ गेली.

मी घेतली ती १७ इंची, कोरीव टॉपची, तरंगत्या पिकअपची. बहुतेक वेळ मी एकटा किंवा एका बासवादकाबरोबर वाजवतो, म्हणून. तुम्ही कारागिराकडे ऑर्डर द्यायला जाल तेव्हा लाकडाची यादी नेऊ नका, तुमची सध्याची गिटार घेऊन जा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं वाजवा. तो पिक किती जोरात पडतं ते बघेल, तारांची जाडी विचारेल, कदाचित काहीच बोलणार नाही. टॉपवरून शेवटची सालपटं किती काढायची, ते त्याला त्या दहा मिनिटांवरून ठरवायचं असतं.